‘गॅस नॉर्मल आहे’ : आठव्या माळेच्या रात्रीचं एक प्रकरण

रात्री साडेअकराला आमच्या आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. एबीजी मशीनमधून (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्ल मोजणारं; त्या तपासणीलाच आम्ही ‘गॅस’ म्हणतो) निघते ती चिंचोळी चिठ्ठी, औषधांच्या ट्रॉलीवर ठेवून घाईत काढलेली. खाली ओळ: “सर, ५६ फीमेल, डायबेटिक, दोन दिवस उलट्या. गॅस नॉर्मल आहे. पोटॅशियम जरा कमी, करेक्शन लावतो. वॉर्डला घेऊ?” मी आकडे पाहिले. पीएच (जितका कमी, तितकं रक्त आम्लधर्मी) ७.३९. पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३८. बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) २२.४. बेस एक्सेस उणे २. सगळे आकडे मर्यादेत. मी अंगठा पाठवला आणि फोन उशाशी ठेवला.

नाशिकच्या छोट्या आयसीयूंमधलं रात्रीचं बरंचसं काम आता असंच फोटोंवर चालतं, आणि बहुतेक वेळा नीट चालतं. त्या रात्री फोटोत चिठ्ठीचा वरचा अर्धा भागच आला होता. सोडियम, क्लोराइड, लॅक्टेट खालच्या भागात होते. तो भाग मी मागितला नाही. म्हणून हे प्रकरण माझ्या अंगठ्यापासून सुरू करतोय. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मावशी दिंडोरी तालुक्यातल्या, वणीच्या रस्त्याकडच्या एका गावातल्या. घरची द्राक्षबाग. तिकडे नवरात्र आणि ऑक्टोबर छाटणी एकमेकांच्या अंगावरच येतात, त्यामुळे बाई दिवसभर बागेत आणि पोटात नऊ दिवसांचा उपवास. बारा वर्षांपासून मधुमेह. त्याची औषधं तीन: मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिन १४ युनिट. घट बसले त्या दिवशी त्यांनी इन्सुलिन बंद केलं. “पोटात काही नाही तर टोचून काय करू? शुगर उतरून पडले असते बागेत,” हे त्यांनीच नंतर सांगितलं. गोळ्या मात्र एकही चुकली नाही. गोळी पाण्याबरोबर जाते, तिने उपवास मोडत नाही.

पाचव्या माळेला मळमळ, सहाव्या माळेपासून उलट्या. घरच्यांनी दोष भगरीला दिला. तो दोष अगदीच हवेतला नव्हता; उपवासाच्या दिवसांत जुन्या, बुरशी धरलेल्या भगरीने माणसं आजारी पडल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी येतात. गावात सलाईनची एक बाटली झाली, उलटीचं इंजेक्शन झालं, ॲसिडिटीची गोळी झाली. उलट्या थांबेनात म्हणून आठव्या माळेला रात्री मुलाने गाडीत घालून नाशिकला आणलं.

आल्या तेव्हा नाडी ११८, रक्तदाब ९६/६०, श्वास मिनिटाला २०, जीभ लाकडासारखी कोरडी, पोट मऊ. बोटातून शुगर १८६. लघवीच्या पट्टीवर साखर चार प्लस, कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) दोन प्लस. कीटोनपुढे केसपेपरवर आरएमओने लिहिलं होतं: ‘उपवासामुळे’. साखरेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. खरं तर तिथेच पेन अडायला हवा होता. रक्तात साखर १८६, म्हणजे मूत्रपिंडाच्या उंबरठ्यावर (ज्याच्या वर गेली की साखर लघवीत उतरते) जेमतेम टेकलेली, आणि लघवीत मात्र चार प्लस? एवढी साखर बाहेर कोण ढकलतंय?

पाऊण वाजता फोन वाजला. सिस्टरचा.

“सर, झोपमोड केली. त्या दिंडोरीच्या मावशींच्या तोंडाला वास येतोय. नेलपॉलिश काढायचं लिक्विड असतं ना, तसा.”

“शुगर किती आहे आता?”

“एकशे एकोणऐंशी.”

“मग उपवासाचा असेल.”

“सर, आठ दिवस उपवासाचेच पेशंट बघतेय. हा तसला नाहीये.”

मी निघालो. गंगापूर रोडवरचे गरब्याचे मंडप केव्हाच शांत झाले होते, झाडूवाले कामाला लागले होते. वॉर्डात पोचलो, पलंगाशी वाकलो आणि वास आला. आरएमओला तो येतच नव्हता, दोनदा वाकून पाहिलं तरी. ॲसिटोनचा वास काही नाकांना कळतच नाही, त्यात त्याचा दोष नाही. मग मी चिठ्ठी मागितली. अख्खी.

सोडियम १३६. पोटॅशियम ३.१. क्लोराइड ८८. लॅक्टेट २.४. ग्लुकोज १८६.

माझी नजर क्लोराइडवर अडली. रक्तात ते साधारण ९८ ते १०६ असतं. सोडियम जवळजवळ जागेवर आणि क्लोराइड एकटंच दहा-बाराने खाली, हे उगाच होत नाही.

इथे थोडं थांबून हिशेब मांडतो, कारण सगळं प्रकरण याच हिशेबात आहे. रक्तातले धन आणि ऋण आयन (विद्युतभार असलेले कण) शेवटी सारखेच असावे लागतात. धन बाजूला मोठा वाटा सोडियमचा. ऋण बाजूला आपण दोनच गोष्टी मोजतो, क्लोराइड आणि बायकार्बोनेट. सोडियममधून या दोघांची बेरीज वजा केली की उरतो तो अनायन गॅप, म्हणजे न मोजलेल्या ऋण आयनांचा वाटा. बाजार समितीच्या हिशेबपट्टीत आडत, हमाली, तोलाई मांडून झाल्यावरही रक्कम जुळत नसेल तर शेतकरी विचारतोच, की मग बाकीचे गेले कुठे. गॅप म्हणजे तेच ‘बाकीचे’. निरोगी माणसातही तो शून्य नसतो, कारण अल्ब्युमिन, फॉस्फेट वगैरे न मोजलेले असतातच. जुन्या पुस्तकांत १२ धरतात. नव्या मशीनवर त्याहून कमीही येतो, म्हणून आपल्या लॅबचा आकडा माहीत असलेला बरा. आमच्याकडे १२ चालतो.

मावशींचा गॅप: १३६ वजा ८८ वजा २२.४, म्हणजे २५.६. अल्ब्युमिन ३.६ होतं. अल्ब्युमिन ४ च्या खाली जेवढे ग्रॅम, तेवढे गुणिले २.५ गॅपमध्ये मिळवायचे. इथे १ मिळाला. झाला २७ च्या आसपास. हवा होता १२. म्हणजे १५ मिलिइक्विव्हॅलंटच्या घरात कुठलं तरी आम्ल रक्तात साठलेलं होतं, आणि पीएच मात्र ७.३९!

बायकार्बोनेटचं खातं पाहिलं की कोडं सुटतं. सुरुवातीची शिल्लक २४. साठलेल्या आम्लाने त्यातले १५ खाल्ले, तर उरायला हवे ९. चिठ्ठीवर आहेत २२.४. मग वरचे १३ कुणी भरले? उलट्यांनी. पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल दोन-अडीच दिवस बाहेर पडत होतं. एक हायड्रोजन पोटात सोडताना जठराच्या पेशी एक बायकार्बोनेट रक्तात सोडतात. आम्ल आतड्यात उतरलं की हिशेब मिटतो, बादलीत गेलं की मिटत नाही. क्लोराइडही त्याच बादलीत गेलं, म्हणून ८८. खात्यातून १५ गेले, १३ आले. शिल्लक बघणाऱ्याला वाटणार, व्यवहारच झाला नाही.

मराठीत आपली इथे एक पंचाईत होते. ‘ॲसिडिटी’ घरोघरी माहीत आहे, त्यामुळे उलट्या होणाऱ्या माणसाचं रक्त आंबट झालं असणार असं नातेवाइकांनाच काय, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही वाटतं. प्रत्यक्षात पोटातलं आम्ल बाहेर गेलं की रक्त अल्कधर्मी होतं. मावशींच्या अंगात दोन्ही चालू होतं: चरबीतून आम्ल तयार होत होतं आणि पोटातून आम्ल जात होतं. दोन आजारांची मापं त्या रात्री साडेअकराला नेमकी जुळली, इतकंच.

श्वासही म्हणूनच फसवा होता. डायबेटिक कीटोॲसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून कीटोन साठणं आणि रक्त आम्लधर्मी होणं) म्हटलं की आपण खोल, धापेचा, भात्यासारखा श्वास शोधतो. पण तो श्वास पीएच घसरला की सुरू होतो. मेंदूला पीएच कळतो, गॅप कळत नाही. पीएच जागेवर, म्हणून श्वास २०, म्हणून पीसीओटू ३८.

रक्तातल्या कीटोनची पट्टी आमच्याकडे असते, पण महाग म्हणून कपाटात कुलुपात. ती काढली. बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेट (मुख्य कीटोन) ७.१ मिलिमोल. ३ च्या वर गेलं की कीटोॲसिडोसिस धरतात. लघवीची पट्टी दोनच प्लस का दाखवत होती? त्या पट्टीवरचं रसायन ॲसिटोॲसिटेट (हेही एक कीटोन) ओळखतं, बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेट ओळखत नाही, आणि अशा वेळी रक्तात मुख्य असतं ते दुसरं. नुसत्या उपवासानेही कीटोन वाढतात, सिस्टरच्या आठ दिवसांतल्या पेशंटचे वाढलेलेच होते. पण ज्याच्या अंगात थोडंफार इन्सुलिन आहे त्याचे ते अशा उंचीवर सहसा जात नाहीत. मेटफॉर्मिनमुळे लॅक्टिक ॲसिडोसिस (लॅक्टिक आम्ल साठणं) असावा ही शंका लॅक्टेट २.४ ने मिटवली. तेवढं लॅक्टेट पाण्याअभावी कुणाचंही वाढतं.

नमुन्यावरही संशय घेऊन झाला. पहिली खातरजमा कागदावरच होते: २४ गुणिले पीसीओटू भागिले बायकार्बोनेट, म्हणजे २४ × ३८ ÷ २२.४, उत्तर ४०.७ नॅनोमोल हायड्रोजन. पीएच ७.३९ ला तो ४१ च्या आसपासच असतो (दशांशानंतरचे दोन अंक ८० मधून वजा करा, ८० उणे ३९, ही युक्ती ७.२० ते ७.५० च्या दरम्यान चालते). म्हणजे चिठ्ठीतले तीन आकडे एकमेकांशी खोटं बोलत नव्हते. तरी मी स्वतः पुन्हा रक्त घेतलं. मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल, दोन बोटांखाली रेडियल धमनी. नाडी इतकी बारीक की पहिल्या टोचणीत चुकली. दुसऱ्यांदा लाल धार आपणहून सिरिंज ढकलत वर आली. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी साधी दोन मिलीची सिरिंज हेपॅरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) खंगाळून वापरतात. तिच्यात हेपॅरिनचा घोट उरला तर रक्त पातळ होतं आणि पीसीओटू, बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. म्हणून खंगाळलेलं सगळं पिचकारून टाकायचं, रक्त घेतल्यावर बुडबुडा टोकाला आणून उडवायचा, टोपण लावायचं, तळहातांत रवीसारखी फिरवायची आणि मशीनकडे चालू लागायचं, वाटेत कुणाशी बोलत थांबायचं नाही. दुसरा गॅस: पीएच ७.३८. बाकी तेच.

ऑक्सिजनचं थोडक्यात सांगतो, तो या प्रकरणाचा विषय नाही. साध्या हवेवर पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) ८२ होता आणि आरएमओने मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर आल्व्हिओलर-आर्टेरियल फरक (फुप्फुसातल्या आणि धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबांतला) २० काढला होता, वयाच्या मानाने जरा जास्त, म्हणून एक्स-रे सांगितला होता. कॅल्क्युलेटरने हवेचा दाब ७६० धरला होता. तो समुद्रकिनाऱ्याचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे दाब ७१० च्या आसपास. तो घातला की फरक १० वर येतो. मुंबईत शिकून आलेल्या आम्हा सगळ्यांच्या हातून हे कधी ना कधी होतं.

दीड वाजता मावशींना आयसीयूत हलवलं आणि पहिली भांडणं पोटॅशियमवरून झाली. कीटोॲसिडोसिस आहे, मग इन्सुलिन लगेच, असा आरएमओचा आग्रह. पोटॅशियम ३.१ असताना इन्सुलिन दिलं तर ते पोटॅशियम पेशींत ढकलतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ३.५ पर्यंत आल्याशिवाय सुरू करायचं नाही. ईसीजीत टी लहरी आधीच चपट्या झाल्या होत्या. म्हणून पहिले सहा तास फक्त नॉर्मल सलाईन, तीन लिटर, प्रत्येक लिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्युल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. मॉनिटरवर नजर आणि लघवीचं माप तासातासाला. डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन बंद, हे फाइलवर लाल शाईने.

सकाळी साडेसातला पुढचा गॅस आला, आणि वॉर्डात एकदम शांतता झाली. पीएच ७.२८. पीसीओटू ३०. बायकार्बोनेट १३.७.

मुलगा दारातच होता. रात्रभर त्याला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ आणि ‘आजार गंभीर आहे’ अशा दोन्ही गोष्टी एकाच तोंडून ऐकाव्या लागल्या होत्या. “डॉक्टरसाहेब, रात्री चांगला होता ना रिपोर्ट? मग सलाईन लावून बिघडला कसा?” प्रश्न रास्त होता. आरएमओ दुसऱ्या बाजूने कुजबुजला, “सर, सोडा बायकार्ब देऊ का?”

मी दोघांनाही तोच कागद दाखवला. सोडियम १३९, क्लोराइड ९९, बायकार्बोनेट १३.७. गॅप २६.३. रात्रीएवढाच. म्हणजे आम्लाचा साठा होता तेवढाच होता. वाढला नव्हता, कमीही झाला नव्हता. बदललं होतं क्लोराइड: ८८ वरून ९९. सलाईनच्या प्रत्येक लिटरमध्ये १५४ क्लोराइड असतं. उलटी थांबली, पाणी भरलं, क्लोराइड भरलं, आणि उलट्यांनी जमा केलेलं जादा बायकार्बोनेट टिकून राहायचं कारणच संपलं. अल्कलोसिसचा, म्हणजे रक्त अल्कधर्मी करणाऱ्या बिघाडाचा, पदर बाजूला झाला आणि खालचा ॲसिडोसिस दिसू लागला. आल्यावर घेतलेल्या लघवीत क्लोराइड १२ आल्याचं लॅबने सकाळी कळवलं. शरीर ते थेंबाथेंबाने राखून धरत होतं, याचा तो पुरावा.

आता श्वास २८ झाला होता, खोल. पुस्तकातला. बायकार्बोनेटला दीडने गुणून ८ मिळवले की अपेक्षित पीसीओटू येतो, दोन इकडे-तिकडे. १३.७ चे दीडपट २०.५, अधिक ८, म्हणजे २८.५. आमचा ३०. बसला. फुप्फुसं आपलं काम करत होती, तिसरा कुठला आजार लपलेला नव्हता. हेच सूत्र रात्रीच्या गॅसवर लावून मी आरएमओला गोंधळात टाकलं असतं, कारण तिथलं बायकार्बोनेट हे दोन उलट गोष्टींची शिल्लक होती आणि सूत्र एकट्या मेटाबॉलिक (श्वासामुळे न झालेल्या) ॲसिडोसिससाठी आहे. सूत्रं पाठ असतात. ती कुठे लावायची नाहीत हे मात्र रुग्णच शिकवतो.

सोडा बायकार्ब दिला नाही. पीएच ७.० च्या खाली गेल्याशिवाय कीटोॲसिडोसिसमध्ये त्याचा फायदा दिसत नाही, उलट तो पोटॅशियम आणखी खाली ओढतो. आणि कीटोन हे एका अर्थी उद्याचं बायकार्बोनेट आहे: इन्सुलिन मिळालं की स्नायू, हृदय, मेंदू ते जाळतात आणि बायकार्बोनेट परत मिळतं.

मुलाला मी एवढंच सांगितलं, “रात्री आईच्या रक्तात आंबट आणि खारट मिसळून चव लागत नव्हती. खारट काढलं, आता आंबट लागतंय. ते आता काढायचं.” शास्त्राच्या दृष्टीने वाक्य लंगडं आहे. त्याला ते पटलं, आणि तो चहा प्यायला गेला.

पोटॅशियम ३.६ आल्यावर इन्सुलिन सुरू केलं, तासाला किलोमागे ०.०५ युनिट, मावशींना ३ युनिटच्या आसपास. सोबत पहिल्या मिनिटापासून १० टक्के डेक्स्ट्रोज. साखर १९० असताना डेक्स्ट्रोज लावणं सकाळच्या सिस्टरला पटेना, आणि तिचं चुकत नव्हतं. नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये साखर चारशे-पाचशे असते, ती उतरेपर्यंत डेक्स्ट्रोजला हात लावत नाहीत. इथे इन्सुलिन साखरेसाठी नव्हतंच. ते कीटोन बंद करायला हवं होतं, आणि ते पुरेसं देता यावं म्हणून साखर बाहेरून पुरवायची होती.

साखर वाढली का नाही, याचं उत्तर त्या डॅपाग्लिफ्लोझिनमध्ये आहे. हे औषध मूत्रपिंडात साखर परत शोषून घेणारी वाट बंद करतं, साखर लघवीवाटे निघून जाते. मधुमेहाला चांगलं, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही चांगलं, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून आपल्याकडे इतकं स्वस्त झालं की तालुक्याच्या दुकानातही सहज मिळतं. मी स्वतः रोज लिहून देतो. पण रक्तातली साखर खाली राहिली की स्वादुपिंडाचं उरलंसुरलं इन्सुलिनही कमी होतं, ग्लुकागॉन वाढतं आणि शरीर चरबी जाळायला लागतं. त्यात उपवास घाला, बागेतलं काम घाला आणि रात्रीचं इन्सुलिन काढून घ्या. अमेरिकेच्या एफडीएने या गटाच्या औषधांबद्दल कीटोॲसिडोसिसचा इशारा २०१५ च्या मे महिन्यातच दिला होता, आणि त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही हे होतं असं स्पष्ट म्हटलं होतं. ते वाचलेलं होतं. रात्री साडेअकराला आठवलं नाही, इतकंच.

हे एका आकड्यावर विसंबणं आमच्या धंद्याला जुनंच आहे. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओची साथ होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बहुतांशी बायकार्बोनेट, खूप जास्त येत होता. डॉक्टरांनी त्याला कारण न समजणारा अल्कलोसिस म्हटलं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी तो अर्थ उलटा केला: हा अल्कलोसिस नाही, श्वास अपुरा पडल्याने साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, रक्त आम्लधर्मी झालंय. त्यांनी घशाला छिद्र पाडून हाताने पिशवी दाबत श्वास दिला, आणि पुढे शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख पोल आस्ट्रुप यांनी त्यातूनच पीएच आणि पीसीओटू झटपट काढायची पद्धत बसवली. आज आमच्या ट्रॉलीवरचं मशीन थेंबभर रक्तातून दोन मिनिटांत जे देतं त्याची मुळं त्या साथीत आहेत. बायकार्बोनेटचा एकटा आकडा तेव्हा फसवून गेला. आता तिन्ही आकडे मिळूनही मी फसलो.

रात्री साडेदहाचा गॅस: पीएच ७.३४, पीसीओटू ३४, बायकार्बोनेट १७.९. सोडियम १४०, क्लोराइड ११०. आरएमओ आता शहाणा झाला होता. मला फोन करायच्या आधीच त्याने कोपऱ्यात वजाबाकी केली होती. गॅप १२. “सर, पण बायकार्ब अजून कमीच आहे. इन्सुलिन वाढवू?” नाही. कीटोन संपले, गॅप मिटला. हा उरलेला ॲसिडोसिस वेगळा, क्लोराइडचा. काही आम्ही दिलेल्या सलाईनचा, काही लघवीतून वाहून गेलेल्या कीटोनचा; ते अंगात जळले असते तर बायकार्बोनेट झाले असते. त्यामागे धावायचं नाही, मूत्रपिंडं दोन दिवसांत भरून काढतात. पहिल्या दिवसाच्या मध्यावरच मी रिंगर लॅक्टेटवर जायला हवं होतं, तर क्लोराइड एवढं चढलं नसतं, असं आता वाटतं. चोवीस तासांत एकाच बाईच्या अंगात तीन वेगळे आजार दिसले: झाकलेला ॲसिडोसिस, उघडा ॲसिडोसिस आणि क्लोराइडचा ॲसिडोसिस. पीएच ७.३९, ७.२८, ७.३४. नुसत्या पीएचवर गेलं तर बाई पहिल्या रात्री सगळ्यांत ठणठणीत होती.

इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज आम्ही आणखी दीड दिवस चालू ठेवलं, कारण डॅपाग्लिफ्लोझिनचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस रेंगाळतो आणि गॅप मिटला म्हणून लवकर हात काढला तर तो पुन्हा उघडतो. दसऱ्याला मावशींनी वरणभात खाल्ला. उपवास आठव्या माळेलाच मोडला याची हळहळ त्यांना आजारापेक्षा जास्त होती. मुलाने आयसीयूच्या दारात आपट्याची पानं आणून सिस्टरच्या हातात दिली. माझ्या हातात दिली ती त्यानंतर, आणि तो क्रम बरोबरच होता.

घरी पाठवताना कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: डॅपाग्लिफ्लोझिन बंद. उपवास असला तरी रात्रीचं इन्सुलिन बंद करायचं नाही, किती घ्यायचं ते फोन करून विचारायचं. उलट्या सुरू झाल्या की शुगर कितीही असो, दवाखान्यात येऊन रक्तातलं कीटोन तपासायचं.

कोजागरीनंतर चार दिवसांनी त्या दाखवायला आल्या. चेहरा भरलेला, नाडी ७८, बायकार्बोनेट २५. मी विचारलं, “मावशी, गोळ्या कोणत्या चालू आहेत?” त्यांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. आमच्या दुकानातली मेटफॉर्मिनची स्ट्रिप, इन्सुलिनचं पेन, बीपीची गोळी. खाली आणखी एक स्ट्रिप होती, दुसऱ्याच कंपनीची, दुसऱ्याच नावाची. मागे बारीक अक्षरांत छापलेलं वाचायला मला चष्मा काढून डोळ्यांजवळ धरावी लागली: डॅपाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिनसोबत एकत्र.

“ही कुठली?”

“ही आधीची, घरात शिल्लक होती. तुम्ही बंद केलेली पिवळी होती ना? ही गुलाबी आहे.”

स्ट्रिपमधल्या तीन गोळ्या कमी होत्या.